स्मृतिठेवी, पारितोषिके आणि महागाईचा हिशेब : विश्वस्तांना खुले पत्र

सार्वजनिक न्यास, शिक्षणसंस्था, ग्रंथालये आणि व्याख्यानमाला चालवणाऱ्या सर्व विश्वस्तांना,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दप्तरात स्मृतिठेवींची एक वही असते. कुणाच्या आईच्या नावाने संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलीला १,००१ रुपये, कुणा शिक्षकाच्या नावाने गरजू विद्यार्थ्याला वह्यापुस्तकांसाठी ५०० रुपये, कुणाच्या स्मरणार्थ एका व्याख्यानाचे मानधन. ठेव स्वीकारली त्या वर्षी रक्कम ठरली आणि ठरावात ती रुपयांत लिहिली गेली. तेव्हापासून दरवर्षी तीच रक्कम पाकिटात जाते. नियमाने काहीच चुकलेले नसते, पण देणगीदाराने जे द्यायचे ठरवले होते ते त्या मुलीपर्यंत पोचत नसते. १९९०-९१ मध्ये ठरलेल्या १,००० रुपयांच्या पारितोषिकाचे मोल टिकवायचे असते, तर २०२४-२५ मध्ये ते सुमारे ९,८५० रुपये व्हायला हवे होते. तिथे आजही १,००० रुपयेच देत असाल, तर त्या वेळच्या हिशेबाने आपण जवळपास १०० रुपये देत आहात.

हे आकडे अंदाजाने मांडलेले नाहीत. सरकार दरमहा जाहीर करते त्या ग्राहक किंमत निर्देशांकातून, म्हणजे घरखर्चाच्या वस्तू आणि सेवांच्या किमती किती चढल्या हे दाखवणाऱ्या आकड्यातून ते निघतात, आणि दहावीचे गणित येणाऱ्या कुणालाही काढता येतात. ते कसे काढायचे, कुठे हमखास चुकते आणि ठरावात काय लिहायचे, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

आधी निर्देशांक कोणता घ्यायचा ते ठरवू. बातम्यांत ‘महागाईचा दर’ म्हणून येतो तो केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाचा ग्राहक किंमत निर्देशांक. तो ग्रामीण, शहरी आणि एकत्रित असा तीन प्रकारे निघतो, राज्यवारही मिळतो, आणि दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास आधीच्या महिन्याचा आकडा येतो. रिझर्व्ह बँकेचे ४ टक्क्यांचे लक्ष्य, दोन टक्के इकडेतिकडे, याच एकत्रित निर्देशांकावर मोजतात. पण या स्वरूपात तो २०११ पासूनच उपलब्ध आहे. आपल्या ठेवी १९७० आणि १९८० च्या दशकांतल्याही असतात. त्यांच्यासाठी केंद्रीय कामगार मंत्रालयाच्या लेबर ब्युरोचा औद्योगिक कामगारांसाठीचा निर्देशांक सोयीचा, कारण १९६० पासूनची त्याची मालिका सलग जोडता येते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ताही त्यावरच ठरतो, त्यामुळे त्याचे आकडे कुणालाही सहज तपासता येतात. तो पुढच्या महिन्याच्या अखेरीस जाहीर होतो. म्हणून आमची शिफारस अशी : जुन्या ठेवींना औद्योगिक कामगारांचा अखिल भारतीय निर्देशांक लावावा. आज नव्याने स्वीकारायच्या ठेवींना दोन्हींपैकी कोणताही चालेल, मात्र जो घ्याल तो ठरावात नावानिशी लिहा आणि मध्येच बदलू नका.

पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक, सोलापूर अशा केंद्रांचे स्वतंत्र आकडेही लेबर ब्युरो देतो, गोव्याचेही देतो. संस्था पुण्याची आहे म्हणून पुण्याचाच आकडा घ्यावा असे वाटणे साहजिक आहे. तरी तो मोह टाळावा असे आम्ही सांगू. एका केंद्रातल्या मोजक्या बाजारांतून भाव घेतलेले असल्याने तो आकडा जास्त हेलकावतो. शिवाय पायाभूत वर्ष बदलते तेव्हा प्रत्येक केंद्राचा जोडगुणक वेगळा असतो. तीस वर्षांनी दप्तर उघडणाऱ्या नव्या चिटणीसाला तो शोधत बसावे लागेल.

आता जोडगुणक म्हणजे काय ते पाहू, कारण सगळ्यात मोठ्या चुका इथेच होतात.

निर्देशांकाला एक पायाभूत वर्ष असते. त्या वर्षीची सरासरी १०० धरायची आणि पुढच्या किमती त्या मापाने मोजायच्या. लोकांच्या खरेदीच्या सवयी बदलतात, म्हणून ठरावीक काळाने नवे पायाभूत वर्ष आणि नवी वस्तूंची टोपली घेतात. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात आधी १९६०, मग १९८२, मग २००१ आणि सप्टेंबर २०२० च्या आकड्यापासून २०१६ हे पायाभूत वर्ष आले. नव्या मालिकेतला आकडा जुन्या मापात आणण्यासाठी ज्या संख्येने गुणायचे तो जोडगुणक. २०१६ वरून २००१ वर जायला २.८८, २००१ वरून १९८२ वर ४.६३, आणि १९८२ वरून १९६० वर ४.९३. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सुरुवातीला दिलेले उदाहरण आता पायरीपायरीने करू. १९९०-९१ या आर्थिक वर्षाची सरासरी १९८२ च्या पायावर १९३ होती. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या बारा महिन्यांचे आकडे २०१६ च्या पायावर असे आहेत : १३९.४, १३९.९, १४१.४, १४२.७, १४२.६, १४३.३, १४४.५, १४४.५, १४३.७, १४३.२, १४२.८, १४३.०. बेरीज १,७११.०, सरासरी १४२.५८. दोन वर्षांचे आकडे वेगवेगळ्या पायांवर आहेत, तेव्हा १४२.५८ ला थेट १९३ ने भागले तर किमती उतरल्या असे उत्तर येईल. इतके उघड चुकीचे उत्तर लगेच लक्षात येते. पण मधली एखादी पायरी सुटली, म्हणजे फक्त २.८८ ने गुणून थांबले, की २.१ पट असे पटण्याजोगे उत्तर मिळते आणि तेच इतिवृत्तात जाते. बरोबर रीत अशी : १४२.५८३ × २.८८ = ४१०.६४, हा झाला २००१ च्या पायावर. ४१०.६४ × ४.६३ = १,९०१.२६, हा १९८२ च्या पायावर. १,९०१.२६ ÷ १९३ = ९.८५. म्हणजे १,००० चे ९,८५१. चौतीस वर्षांत वर्षाला सरासरी सुमारे सात टक्क्यांनी, चक्रवाढीने.

उत्तर पडताळायचे असेल तर महागाई भत्ता हाताशी आहे. सातव्या वेतन आयोगाच्या सूत्रात बारा महिन्यांची सरासरी २.८८ ने गुणतात, त्यातून २६१.४२, म्हणजे २०१५ ची २००१ च्या पायावरची सरासरी, वजा करतात आणि २६१.४२ नेच भागतात. २०२४ च्या बारा महिन्यांची सरासरी १४१.५८३. तिला २.८८ ने गुणले की ४०७.७६, आणि सूत्राचे उत्तर ५५.९८ टक्के. जानेवारी २०२५ चा भत्ता ५५ टक्के जाहीर झाला तो अपूर्णांक सोडून. आपल्या आकडेमोडीतून हे ५५.९८ आले, तर आपण घेतलेले महिन्यांचे आकडे आणि २.८८ चा वापर बरोबर आहे.

याच भत्त्यावरून एक चूक सर्रास होते. भत्ता ५५ वरून ५८ टक्के झाला, म्हणून पारितोषिकही ३ टक्क्यांनी वाढवू या, असे सभेत कुणीतरी म्हणते आणि ते सगळ्यांना पटते. पण ते तीन टक्के मूळ वेतनाचे आहेत. एकूण मिळकत १५५ वरून १५८ झाली, म्हणजे वाढ १.९ टक्के. त्यातही दोन्ही वेळा अपूर्णांक कापलेला आहे : ५५.९८ चे ५५ झाले आणि ५८.१६ चे ५८. कापण्यापूर्वीचे आकडे घेतले तर वाढ केवळ १.४ टक्के निघते. एकाच गोष्टीचे ३, १.९ आणि १.४ असे तीन आकडे झाले आणि किमतींची खरी वाढ सांगणारा शेवटचा. म्हणून भत्त्याची टक्केवारी मध्ये आणू नका, मूळ निर्देशांकाचाच भागाकार करा.

अंक आणि टक्के यांची गल्लतही अशीच होते. डिसेंबर २०२३ चा निर्देशांक १३८.८, डिसेंबर २०२४ चा १४३.७. फरक ४.९ अंकांचा आहे, वाढ मात्र ३.५३ टक्क्यांची. निर्देशांक १०० पासून जितका वर गेलेला असेल, तितका हा घोळ वाढतो.

२०१६ च्या आसपास स्वीकारलेल्या ठेवींबाबत एक फसवी जागा आहे. ती नीट समजून घ्यावी, कारण इथे जाणकारही घसरतात. समजा जून २०१६ मध्ये ५,००० रुपयांचे पारितोषिक ठरले. जून २०२५ चा निर्देशांक १४५.० आहे, पायाभूत वर्ष २०१६, म्हणजे वाढ ४५ टक्के आणि रक्कम ७,२५०. सरळ दिसते, पण जून २०१६ मध्ये प्रत्यक्ष जाहीर झालेला आकडा २००१ च्या पायावर २७७ होता. जून २०२५ चा आकडा त्या मापात आणला तर १४५.० × २.८८ = ४१७.६. त्याला २७७ ने भागले की १.५०८, म्हणजे रक्कम ७,५३८. २८८ रुपयांचा फरक पडतो कारण दोन टोपल्या २०१६ ते २०२० या काळात सारख्या वेगाने चढल्या नाहीत. जुन्या टोपलीचा आकडा २०१६ च्या २७४.३३ या सरासरीवरून ऑगस्ट २०२० मध्ये ३३८ वर गेला, म्हणजे २३ टक्के वाढ. नव्या टोपलीने सप्टेंबर २०२० मध्ये ११८.१ दाखवले, म्हणजे १८ टक्के. मालिका जोडली गेली ती या बदलाच्या ठिकाणी, २०१६ मध्ये नव्हे. महागाई भत्त्यात सरकार जोडगुणकाची रीत वापरते. आपणही तीच वापरावी : ठेवीच्या वेळी जो आकडा प्रत्यक्ष जाहीर झाला होता तो घ्यायचा आणि आजचा आकडा त्याच्या मापात आणायचा. पायाभूत वर्षाचे १०० हे सुरुवातीचे टोक म्हणून कधीही धरू नये.

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या निर्देशांकातही हाच प्रसंग आहे. २०१२ = १०० ची मालिका जाऊन २०२४ = १०० ची मालिका आली आहे. ज्या संस्थांनी तो निर्देशांक ठरावात लिहिला असेल त्यांनी जुन्या मालिकेतला आपला सुरुवातीचा आकडा आणि मंत्रालयाने दिलेला जोडगुणक दोन्ही वहीत उतरवून घ्यावेत.

एका महिन्याचा आकडा घ्यायचा की बारा महिन्यांची सरासरी? सरासरीच. २०२३ चा पावसाळा आठवा, टोमॅटो भडकले होते तो. जून २०२३ चा निर्देशांक १३६.४, जुलैचा १३९.७ आणि सप्टेंबरचा पुन्हा १३७.५. एका महिन्यात २.४ टक्के वाढ आणि दोन महिन्यांत ती बरीचशी ओसरली. वार्षिक दर जुलैत ७.५४ टक्के दिसत होता, सप्टेंबरात ४.७२. ज्या संस्थेची सभा ऑगस्टअखेर झाली आणि जिची ऑक्टोबरअखेर, त्यांनी या वार्षिक दराने वाढ दिली असती तर त्यांच्या पारितोषिकांत जवळपास तीन टक्क्यांचा फरक पडला असता आणि त्याचे कारण केवळ एक भाजी. भर म्हणजे या निर्देशांकात घरभाड्याचा भाग वर्षातून दोनदाच, जानेवारी आणि जुलैत बदलतो, त्यामुळे त्या महिन्यांत आकडा पायरी चढल्यासारखा वर जातो. एप्रिल ते मार्चची सरासरी घेतली की भाजीचे चढउतार आणि भाड्याच्या पायऱ्या दोन्ही सपाट होतात. शिवाय आपले हिशेबाचे वर्षही तेच आहे.

दरवर्षीचे दर नुसते मिळवून चालत नाहीत, हे लेखापालांना सांगायला नको, पण सभेत सांगावे लागते. दहा वर्षे ६ टक्के म्हणजे ६० टक्के नव्हे, ७९ टक्के. वर्षावर्षाचे दर गोळा करण्यापेक्षा दोन टोकांचे निर्देशांक घ्या आणि भागाकार करा. मधल्या वर्षांची गरजच पडत नाही.

आणखी एक गैरसमज वर्तमानपत्रांच्या मथळ्यांमुळे होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये एकत्रित निर्देशांकावरचा महागाईचा दर ०.२५ टक्क्यावर आला. त्यावर ‘महागाई संपली, आता वाढ कशाला’ असे म्हणणारे भेटतील. दर उतरणे म्हणजे आधी चढलेल्या किमती मागे जाणे नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये हाच दर ६.२१ टक्के होता. म्हणजे भाव वर्षभरापूर्वी चढले आणि त्यानंतर जवळपास तिथेच थांबले. २०१० पासून न वाढलेल्या पारितोषिकाची मागची उणीव एका शांत वर्षाने भरून निघत नाही.

काही निर्देशांक या कामासाठी घेऊच नयेत. घाऊक किंमत निर्देशांकात सेवा येतच नाहीत. शाळेची फी, डॉक्टर, एसटीचे भाडे, घरभाडे यांपैकी त्यात काहीही नाही, आणि त्याचे ६४ टक्क्यांहून अधिक वजन कारखान्यांत तयार होणाऱ्या मालाचे आहे. आयकर खात्याचा कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स सनदी लेखापालांच्या हाताशी असतो, म्हणून संस्थांत तोच घेण्याची सवय दिसते. पण तो भांडवली नफ्यासाठी बनवलेला आहे आणि कायद्यानेच त्यात शहरी ग्राहक निर्देशांकाच्या सरासरी वाढीच्या ७५ टक्केच धरतात. २००१-०२ मध्ये १०० असलेला तो २०२४-२५ मध्ये ३६३ होता. औद्योगिक कामगारांचा निर्देशांक २००१ च्या पायावर त्याच वर्षी ४१०.६ होता. तेव्हाच्या १,००० रुपयांच्या पारितोषिकापोटी ज्या मुलीला ४,१०६ रुपये मिळायला हवेत तिला ३,६३० देणे, असा त्याचा सरळ अर्थ.

ग्राहक निर्देशांकही सगळ्या ठेवींना लागू पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याची टोपली एका सरासरी कुटुंबाची असते. औद्योगिक कामगारांच्या २०१६ च्या टोपलीत खाद्यपदार्थ आणि पेये ३९.१७ टक्के, पान-सुपारी-तंबाखू आणि मादक पदार्थ २.०७, कपडे-पादत्राणे ६.०८, घर १६.८७, इंधन आणि दिवाबत्ती ५.५० आणि उरलेले सगळे, म्हणजे शिक्षण, औषधपाणी, प्रवास, करमणूक वगैरे मिळून ३०.३१ टक्के आहे. रोख पारितोषिकाला ही टोपली योग्य, कारण ते पैसे घरात मिसळतात. पण ठेव वसतिगृहातल्या मुलाच्या जेवणाची असेल, तर खाद्यगटाचा वेगळा निर्देशांक पाहावा. ठेव फी भरण्यासाठी असेल, तर निर्देशांकच नको. ठरावात ‘प्रत्यक्ष फीच्या अमुक टक्के’ असे लिहावे, कारण एका महाविद्यालयाची फी देशाच्या सरासरीने चालत नाही. व्याख्यानमालेत मानधन निर्देशांकाने वाढवावे आणि पाहुण्यांचा प्रवास प्रत्यक्ष खर्चाने द्यावा.

सुवर्णपदकाची ठेव मात्र पूर्णपणे वेगळी आहे. सोन्याचा भाव ग्राहक निर्देशांकाशी बांधलेला नाही. २०१२ च्या टोपलीत सोन्याचे वजन १.०८ टक्के होते, तेव्हा भाव दुप्पट झाला तरी निर्देशांक जेमतेम एक टक्का हलतो. अशा ठेवीवर ‘निर्देशांकाप्रमाणे वाढ’ असा ठराव केला तर काही वर्षांतच पदक करणे अशक्य होईल. तिथे देणगीदाराच्या कुटुंबाशी मोकळेपणाने बोलावे आणि पदक चांदीचे वा मुलामा दिलेले करून उरलेली रक्कम रोख द्यावी. ते अधिक प्रामाणिक होईल.

आता खरा अवघड प्रश्न : वाढलेली रक्कम येणार कुठून?

बहुतेक ठेवी बँकेत मुदतीने ठेवलेल्या असतात आणि येणारे सगळे व्याज वाटले जाते. इथेच मुद्दल झिजते. समजा ठेव १,००,००० रुपयांची, व्याज ७ टक्के आणि महागाई ५ टक्के. वर्षाअखेर हातात १,०७,००० येतात. मुद्दलाचे मोल टिकवायचे तर त्यातले १,०५,००० पुन्हा ठेवायला हवेत. वाटायला उरतात २,००० रुपये, ७,००० नव्हेत. ७,००० वाटले तर पहिल्या वर्षी समारंभ चांगला होतो आणि पुढे दरवर्षी ठेव थोडी थोडी लहान होत जाते. पासबुकात आकडा मात्र १,००,००० च दिसत राहतो. म्हणूनच हे कुणाच्या लक्षात येत नाही.

नवी ठेव स्वीकारताना देणगीदाराला हे आधी सांगणे आपले कर्तव्य आहे. ‘दरवर्षी ५,००० रुपयांचे पारितोषिक द्या’ म्हणून ७५,००० रुपये घेतले जातात, कारण ७ टक्क्यांनी ५,२५० व्याज होते. रक्कम गोठलेली राहणार असेल तर हे कायम चालेल, पण महागाई ५ टक्के धरली तर अठरा वर्षांनी त्या ५,००० चे मोल आजच्या २,०७८ रुपयांइतके राहील. उलट पारितोषिक दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवत नेले तर मोल टिकेल, पण अठरा पारितोषिके पुरी दिली की ठेव संपत येईल आणि एकोणिसाव्याला पैसे कमी पडतील. वाढतेही आणि कायमचेही हवे असेल, तर ५,००० ला व्याज आणि महागाई यांच्या फरकाने भागा : ५,००० ÷ ०.०२ = २,५०,००० रुपये. तिन्ही आकडे देणगीदारासमोर ठेवा आणि त्याला निवडू द्या. कुणी म्हणेल की अठरा वर्षे भरघोस द्या, मग बंद करा, आणि तेही उत्तम आहे. घाईने ७५,००० घेऊन ‘कायमस्वरूपी’ असे लिहून देऊ नये. आणि हा दोन टक्क्यांचा फरक हमखास मिळेल असेही धरू नये. तो काही वर्षे शून्याखालीही जातो, म्हणून दर पाच वर्षांनी आकडे पुन्हा मांडावेत.

जुन्या ठेवी तुटपुंज्या आहेत, त्यांचे काय? १९८० च्या आसपासच्या ५,००० रुपयांच्या ठेवीतून आज मोलाचे पारितोषिक निघणारच नाही, कितीही हिशेब केला तरी. तिथे मार्ग तीन. कुटुंबाला आकडे दाखवून ठेवीत भर मागणे, आणि अनुभव असा की नीट हिशेब समोर ठेवला तर लोक मनापासून देतात. दुसरा, दरवर्षीऐवजी दोन किंवा तीन वर्षांनी एकदा, पण सन्मानाने द्यावे. तिसरा, एकाच विषयाच्या तीन-चार ठेवी मिळून एक पारितोषिक द्यावे आणि सगळ्यांची नावे प्रमाणपत्रावर छापावीत. मूळ अटी बदलत असतील तर देणगीपत्र वाचा, वारसांची लेखी संमती घ्या, आणि न्यासाची योजनाच बदलावी लागत असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर अर्ज करा. सभेत आपसात ठरवून मोकळे होऊ नका.

करनियमांचीही एक अडचण आहे, ती आधीच ओळखून ठेवा. आयकरात सूट घेणाऱ्या न्यासाला वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के उद्देशासाठी खर्चावे लागतात. १५ टक्के विनाअट शिल्लक ठेवता येतात. त्याहून अधिक ठेवायचे तर उद्देश ठराविक शब्दांत लिहून, विहित नमुन्यात मुदतीत कळवून, जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी. वरच्या उदाहरणात तर ७,००० पैकी ५,००० मुद्दलात घालायचे होते. ही अट न्यासाच्या एकूण उत्पन्नावर मोजतात, ठेवीनिहाय नाही. म्हणून शाळा, वसतिगृह असा मोठा खर्च असणाऱ्या संस्थेला लहान ठेवींचे व्याज मागे ठेवणे सहसा जड जात नाही. ज्या न्यासाचे उत्पन्नच मुख्यतः ठेवींचे व्याज आहे त्याला जड जाते. अशा न्यासाने आपल्या सनदी लेखापालांशी मार्चपूर्वी बोलावे. सप्टेंबरात लेखापरीक्षण चालू असताना बोलून उपयोग नसतो. आणि देणगी घेतानाच ती मूळ निधीसाठी, म्हणजे कॉर्पससाठी आहे असे देणगीदाराकडून लेखी घ्यावे. मागाहून ते दुरुस्त करता येत नाही.

वहीत प्रत्येक ठेवीसाठी एक पान करा. वर ठेवीचे वर्ष, मूळ रक्कम, निर्देशांकाचे नाव, पायाभूत वर्ष आणि सुरुवातीची सरासरी. खाली दरवर्षी एक ओळ : त्या वर्षीची सरासरी, जोडगुणकांनी आणलेला आकडा, भागाकार, निघालेली रक्कम, प्रत्यक्ष दिलेली रक्कम. निघालेली आणि दिलेली हे रकाने वेगळे ठेवण्याचे कारण आहे. आपल्याकडे ५०१, १,००१, ५,००१ असे देण्याची रीत आहे आणि ती टिकावी. पण एक वाढवून किंवा शंभरात पूर्णांक करून आलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या गणितात घेऊ नका. पुढच्या वर्षीही मूळ रकमेलाच त्या वर्षीच्या भागाकाराने गुणायचे. नाहीतर दरवर्षीचे पूर्णांक साचत जातात आणि दहा वर्षांनी रक्कम निर्देशांकापासून कुठल्या कुठे गेलेली असते.

ठरावाचा मसुदा देत आहोत. तो तसाच घ्या किंवा आपल्या भाषेत बदला, पण त्यातली कोणतीही बाब गाळू नका.

‘या ठेवीतून द्यावयाच्या पारितोषिकाची मूळ रक्कम ___ रुपये असून ती ___ या आर्थिक वर्षाची आहे. दरवर्षी ही रक्कम लेबर ब्युरोच्या औद्योगिक कामगारांसाठीच्या अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकाच्या एप्रिल ते मार्च या बारा महिन्यांच्या सरासरीला मूळ वर्षाच्या सरासरीने भागून येणाऱ्या संख्येने गुणण्यात येईल. पायाभूत वर्ष बदलल्यास लेबर ब्युरोने जाहीर केलेला अखिल भारतीय जोडगुणक वापरण्यात येईल. ही मालिका बंद झाल्यास तिच्या जागी सरकारने जाहीर केलेली मालिका, आणि तशी नसल्यास केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाचा एकत्रित निर्देशांक, बदलाच्या महिन्यापासून पुढे लागू होईल. सरासरी घटल्यास रक्कम कमी करण्यात येणार नाही. ती मागील वर्षाइतकीच राहील. निघालेली रक्कम जवळच्या शंभरात पूर्ण करून त्यात एक रुपया मिळवून देण्यात येईल. पुढील वर्षाचे गणित मात्र मूळ रकमेवरूनच होईल. वर्षाचे व्याज या रकमेस व मुद्दलाच्या महागाईइतक्या भरपाईस मिळून अपुरे पडल्यास विश्वस्त मंडळ कारणासह निर्णय घेईल व तो देणगीदारास किंवा त्याच्या वारसास लेखी कळवील.’

मार्चचा निर्देशांक एप्रिलअखेर येतो. मे महिन्यात कार्यालयाने ही ओळ भरली, तर जूनमध्ये शाळा सुरू होताना या वर्षीची रक्कम ठरलेली असेल. दहावीचा निकाल लागून ती मुलगी प्रमाणपत्र घ्यायला येईल तेव्हा पाकिटात योग्य रक्कम असेल. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि पहिल्या वर्षी निदान पाच सर्वात जुन्या ठेवींची पाने भरून सभेपुढे ठेवावीत, ही विनंती.

आपले,
संस्थांचे हिशेब आणि किमतींची आकडेवारी या कामात असलेले आम्ही काही जण